नमुना, नोंद आणि हरकत

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

अंबरनाथच्या शिवमंदिरात एक शिलालेख आहे. आमच्या भागातल्या प्रत्येक शाळेची पहिली सहल त्याच मंदिरात जाते, त्यामुळे तो सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि कोणीच वाचलेला नसतो. त्यात मंदिराचे साल कोरलेले आहे. एकोणिसाव्या शतकात तो पहिल्यांदा वाचला गेला, तेव्हा हे साल शके ७८२ असे लागले होते. पुढे अधिक बारकाईने पाहिल्यावर पहिला आकडा सातचा नसून नऊचा आहे असे ठरले. म्हणजे शके ९८२, इसवी सन १०६०. एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षांनी तरुण झाले.

आता गंमत पाहा. शके ७८२ हा आकडा स्वतःपुरता पाहिला तर त्यात काहीच वावगे नाही. तीन अंकी आहे आणि शकाचे साल म्हणून चालण्यासारखा आहे. पण त्याच लेखात राजाचे नाव आहे: शिलाहार घराण्यातला माम्वाणी, म्हणजेच मुम्मुणी. त्याचा भाऊ छित्तराज याचा भांडुप येथे मिळालेला ताम्रपट शके ९४८चा आहे. एका भावाचा लेख ७८२चा आणि दुसऱ्याचा ९४८चा, हे कसे जमावे? म्हणजे काही चुका एकट्या रकान्यात दिसत नाहीत. दोन रकाने शेजारी ठेवले की मगच त्या दिसतात. आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे: ताळा. गणित सोडवले की गुरुजी विचारायचे, ताळा केलास का?

आज मला या ताळ्याबद्दलच बोलायचे आहे. विषय मात्र संगणकाचा आहे. वेबसाइटवर आपण अर्ज भरतो, नाव, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक लिहितो आणि बटण दाबतो. त्या क्षणी पलीकडे कोणीतरी ताळा करत असते. तो कसा करावा, हे मी शिकलो ते एका चुकीतून, आणि ती चूक माझीच होती.

२००५ सालची गोष्ट. उल्हासनगरमधल्या एका क्लासमध्ये मी पीएचपी ही संगणकाची भाषा शिकलो होतो. अंगात नवी विद्या शिरली की माणूस कामे शोधत फिरतो. आमच्या परिसरातली एक संस्था दहावी पास झालेल्या मुलांना शिष्यवृत्ती देत असे. तिचा अर्ज इंटरनेटवर आणण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. एकच फाइल आणि तिच्यात सातशे ओळी. नाव रिकामे असेल तर चूक, आडनाव दोन अक्षरांपेक्षा लहान असेल तर चूक, मोबाइल क्रमांक नऊने सुरू होत नसेल तर चूक. असे 'जर' आणि 'तर' एकाखाली एक रचत गेलो. पुढे संस्थेने देणगीदारांचा अर्ज मागितला, मग सभासदांचा, मग तक्रारींचा. प्रत्येक वेळी मी आधीची फाइल उचलून नवीन नावाने ठेवत गेलो. पाच अर्ज झाले, आणि मोबाइल क्रमांकाचा तो नियम पाच ठिकाणी जाऊन बसला.

पुढच्या वर्षी निकालानंतर एक मुलगा माझ्याकडे आला. आयुध निर्माणीच्या वसाहतीत राहणारा, घरची भाषा तमिळ, शाळा मात्र मराठी. त्यांच्याकडे आडनाव नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर नावापुढे लावतात, आणि दाखल्यावर आडनावाच्या जागी तेवढे एकच अक्षर असते. माझा अर्ज ते अक्षर घेईना. 'माहिती चुकीची आहे' एवढेच लाल अक्षरांत यायचे आणि भरलेले सगळे पुसले जायचे. कोणती माहिती, का चुकीची, काही नाही. सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून तो तीन दिवस तोच अर्ज पुन्हा पुन्हा भरत होता. चौथ्या दिवशी मुदत संपली. 'दादा, माझं काय चुकलं?' एवढेच त्याने विचारले. त्याचे काहीच चुकले नव्हते. संस्थेच्या नियमात मुदतीनंतर अर्ज घेण्याची सोय नव्हती, आणि त्या वर्षीची त्याची शिष्यवृत्ती गेली.

ही हकिगत मी चिखलोलीला राहणाऱ्या एका निवृत्त तलाठ्यांना सांगितली. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. चिखलोली म्हणजे अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधले गाव. अंबरनाथला पाणी देणारे धरण इथलेच. भाऊसाहेबांची सगळी नोकरी अशाच गावांच्या दप्तरात गेली होती. माझे ऐकून घेऊन ते म्हणाले, 'अरे, तुझा नियम तुझ्या डोक्यात होता. तो कागदावर असायला हवा. आमच्याकडे माणूस बदलतो, नमुना बदलत नाही.' मग त्यांनी मला गाव नमुने समजावून सांगितले. संगणकाच्या क्लासमध्ये जे कळले नव्हते, ते मला त्या ओट्यावर कळू लागले.

सातबारा हा शब्द आपण रोज ऐकतो. पण तो दोन नमुन्यांचा जोड आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कोणाची, किती, कोणत्या हक्काने. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. गावाच्या दप्तरात असे एक ते एकवीस नमुने. सहा म्हणजे फेरफार नोंदवही. सहा-अ म्हणजे वादग्रस्त प्रकरणांची. सहा-क वारसांची. आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या सगळ्या जमिनी एकत्र. नमुना राज्यभर एकच असतो, नोंदी मात्र गावागणिक आणि गटागणिक वेगळ्या. चिखलोलीतल्या एका शेताचा सात आणि बदलापुरातल्या दुसऱ्या शेताचा सात यांचे रकाने तेच, आत लिहिलेले वेगळे.

ही शिस्त एका दिवसात आली नाही. कंपनी सरकारच्या काळात, १८२०च्या दशकाच्या अखेरीस, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात जमिनीची मोजणी करून सारा ठरवला. कागदावर ही पद्धत फार शास्त्रशुद्ध होती. प्रत्यक्षात खालच्या मोजणीदारांच्या मोजण्या आणि उत्पन्नाचे अंदाज चुकीचे होते आणि त्यांची नीट फेरतपासणी झाली नव्हती. सारा झेपेना, शेतकरी जमिनी सोडून गेले, आणि ती पद्धत गुंडाळावी लागली. मग १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीत खालच्या माणसाने केलेल्या मोजणीपैकी काही शेते वरचा अधिकारी स्वतः पुन्हा तपासत असे. १८४७ साली त्याचे नियम एकत्र लिहिले गेले. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची, आणि आजच्या अधिकार अभिलेखाचे नियम १९७१चे. म्हणजे चुकीच्या मोजणीची किंमत मोजत मोजत, शंभर-सव्वाशे वर्षांत हा नमुना घडला.

भाऊसाहेबांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात कायमची बसली. एखादा खातेदार वारला, वारसांनी अर्ज दिला, तर तलाठी थेट सात नंबरवर नावे चढवत नाही. आधी वारस नोंदवही, मग फेरफार. फेरफाराची प्रत चावडीवर लावायची, ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना लेखी नोटीस द्यायची. पंधरा दिवसांत कोणी हरकत घेतली तर ते प्रकरण सहा-अ मध्ये जायचे, त्याची सुनावणी व्हायची. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार. तोपर्यंत हाताने लिहिण्याच्या काळात सातबाऱ्यावर फेरफाराचा उल्लेख पेन्सिलीने करत. प्रमाणित झाली की शाईने. 'आलेली माहिती आणि पटलेली माहिती,' भाऊसाहेब म्हणाले, 'एकाच शाईत कधी लिहू नये.'

आता थोडे जगाकडे वळू. नेमका हाच विचार, म्हणजे नमुना वेगळा आणि नोंद वेगळी हा, संगणकाच्या दुनियेत नॉर्वेतून आला. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टेन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल या दोघांनी १९६७ साली 'सिम्युला ६७' ही भाषा मांडली. त्यांना रांगा, कारखाने, वाहतूक अशा जिवंत व्यवहारांचे अनुकरण संगणकावर करायचे होते. त्यासाठी त्यांनी 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' या दोन कल्पना आणल्या. क्लास म्हणजे आपला कोरा नमुना. ऑब्जेक्ट म्हणजे त्या नमुन्यावर भरलेली एक नोंद. फरक इतकाच की ही नोंद नुसती पडून राहत नाही. तिला काय काय करता येते, तेही तिच्याबरोबरच लिहिलेले असते. या कामासाठी दोघांना २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी दोघेही गेले.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्मॉलटॉक' ही भाषा घडवली. के यांनी गणिताबरोबर जीवशास्त्राचाही अभ्यास केला होता. शरीरातल्या पेशी जशा आपापले आतले काम आतच ठेवतात आणि एकमेकींना फक्त निरोप धाडतात, तसे ऑब्जेक्ट असावेत, अशी त्यांची कल्पना. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हे नाव त्यांनीच रूढ केले. १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी एक निबंध लिहून सांगितले की प्रोग्रामचे तुकडे करताना जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एकाच तुकड्यात लपवून ठेवा. आणि १९७९ साली त्याच झेरॉक्सच्या केंद्रात पाहुणे म्हणून आलेल्या ट्रिग्वे रेन्सकौग या आणखी एका नॉर्वेजियन माणसाने 'मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर' अशी तिहेरी विभागणी सुचवली: माहिती एकीकडे, ती पडद्यावर दिसते कशी ते दुसरीकडे, आणि माणसाने केलेली हालचाल कोणाकडे पोचवायची ते तिसरीकडे.

म्हणजे वेब जन्मण्याआधीच हे शहाणपण उपलब्ध होते. मग आम्हा वेबवाल्यांना ते का कळले नाही? त्याचे उत्तर १९९५ या एका वर्षात आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'एचटीएमएल २.०' या प्रमाणात वेबवरचा अर्ज अधिकृतपणे नोंदला गेला. त्याच वर्षी रास्मुस लेरडॉर्फ यांनी आपल्या घरच्या वेबपानासाठी केलेली छोटी साधने लोकांना दिली. तीच पीएचपी. तिच्या सुरुवातीच्या रूपाचे नाव 'पीएचपी एफआय' असे होते, आणि त्यातले एफआय म्हणजे 'फॉर्म्स इंटरप्रिटर', अर्ज वाचणारा. आणि त्याच वर्षी ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. अर्ज पाठवण्याआधी ब्राउझरमध्येच रकाने तपासणे हा तिचा लवकरच सर्वांत नेहमीचा उपयोग झाला.

ही साधने घरगुती होती, चटकन काम उरकण्यासाठी होती. म्हणूनच ती माझ्यासारख्या अंबरनाथच्या पोरापर्यंत पोचली, हेही खरे. पण त्या घाईत पेन्सिल आणि शाई यांतला फरक पुसला गेला. पीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये अशी सोय होती की अर्जात आलेला प्रत्येक रकाना आपोआप प्रोग्राममधले एक मूल्य होऊन बसे. म्हणजे कोणाही परक्याने लिहिलेला मजकूर थेट शाईने सातबाऱ्यावर! ही सोय २००२ साली नव्या आवृत्तीत मुळातच बंद ठेवून देण्यात येऊ लागली. आणि ऑब्जेक्टची पद्धत पीएचपीत नीट रुजली ती जुलै २००४मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत. माझ्या क्लासच्या पुस्तकात ती शेवटच्या धड्यात होती, आणि शेवटचा धडा कोणी शिकवत नाही.

तो धडा मी नंतर शिकलो, आणि पहिल्या प्रयत्नात तोही चुकलो. माझ्या सातशे ओळी मी उचलल्या आणि 'फॉर्म' नावाच्या एका क्लासमध्ये कोंबल्या. अडगळीच्या खोलीला दार बसवले म्हणजे ती माजघर होत नाही. मग वारशाची हौस आली. एका क्लासवरून दुसरा काढता येतो, त्याला वडिलांचे गुण मिळतात, हे कळल्यावर मी फॉर्मवरून विद्यार्थी फॉर्म, त्यावरून शिष्यवृत्ती फॉर्म, त्यावरून दहावीचा फॉर्म अशी चार पिढ्यांची वंशावळ केली. आजोबांच्या घरात एक खिळा हलवला की पणतूच्या घरातले छप्पर गळायचे.

मग भाऊसाहेबांचे दप्तर आठवले. तिथे सहा नंबर हा सात नंबराचा मुलगा नाही. प्रत्येक नमुना आपले एक काम करतो आणि गरज पडली की दुसऱ्याला विचारतो. तसे मी तुकडे केले. सर्वांत लहान तुकडा म्हणजे नियम. 'रिकामे नसावे' हा एक नियम. 'दहा आकडी असावा' हा दुसरा. प्रत्येक नियमाला दोनच गोष्टी येतात: समोरचे मूल्य बरोबर आहे की नाही ते सांगणे, आणि नसेल तर माणसाला समजेल अशा भाषेत कारण देणे. त्याहून मोठा तुकडा म्हणजे रकाना. त्याला आपले नाव ठाऊक असते, आलेले मूल्य ठाऊक असते, आणि आपल्याला कोणते नियम लागू आहेत तेही. त्याहून मोठा तुकडा अर्ज. तो स्वतः काहीच तपासत नाही. तो प्रत्येक रकान्याला विचारतो, 'तुझं ठीक आहे का?' आणि सगळ्यांच्या हरकती गोळा करतो. पहिली चूक सापडताच थांबत नाही, कारण माणसाला दहा चुका दहा खेपांना सांगणे हा छळ आहे.

शेवटी अर्जाच्या पातळीवरचा ताळा. जन्मतारीख एकटी बरोबर, दहावीचे साल एकटे बरोबर, पण दोन्हींत तीनच वर्षांचे अंतर असेल तर? अंबरनाथच्या शिलालेखातला राजा आणि साल यांचाच हा प्रश्न. तो कोणा एका रकान्याला सुटणार नाही. दोघांना शेजारी बसवणाऱ्या अर्जालाच तो सुटेल.

आणि पेन्सिल-शाईची गोष्ट. आलेले मूल्य जसेच्या तसे एका बाजूला ठेवायचे, पटलेले दुसऱ्या बाजूला. साठवायला जाते ते फक्त पटलेले. पण हरकत निघाली तर माणसाला त्याचे आलेले सगळे परत दाखवायचे, त्याच्या अक्षरात, फक्त चुकलेल्या रकान्याखाली कारण लिहून. त्या मुलाने तीन दिवस जे पुन्हा पुन्हा भरले, ते मी जपून ठेवायला हवे होते.

आणखी एक. ब्राउझरमधली तपासणी ही सोय आहे, बंदोबस्त नाही. ती माणसाला लगेच सांगते म्हणून चांगली, पण ती त्याच्या संगणकावर चालते आणि ज्याला ती टाळायची तो टाळू शकतो. तलाठ्याने पाहिले म्हणून मंडळ अधिकाऱ्याचे काम चुकत नाही. पलीकडच्या संगणकावर पुन्हा तपासणी झालीच पाहिजे.

पुढे मोबाइल क्रमांक आठने सुरू होऊ लागले, मग सातने, मग सहाने. पूर्वी असते तर मी पाच फाइली शोधत बसलो असतो आणि एक विसरलो असतो. आता नियम एकाच जागी होता. एक ओळ बदलली, पाचही अर्ज सुधारले. पार्नास यांनी १९७२ साली जे सांगितले होते, ते मला असे पोचले.

पण इथे थांबलो तर मी आपल्याला अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. नियमांत बसणारे सगळे खरे असते का? त्यासाठी शेजारच्या उल्हासनगरला जाऊ. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिचे नाव उल्हासनगर झाले. या लोकांनी मागे घरे, दुकाने, जमिनी सोडल्या होत्या. १९५० साली विस्थापितांच्या दाव्यांचा कायदा झाला. मागे राहिलेल्या स्थावर मालमत्तेचा दावा नोंदवायचा आणि क्लेम ऑफिसरने तो तपासून मालमत्तेची किंमत ठरवायची. १९५४च्या नुकसानभरपाईच्या कायद्याचा आधार हाच तपासलेला दावा होता.

विचार करा, रकाने सगळे भरलेले आहेत: शहर, मोहल्ला, खोल्या किती, किंमत काय. पण घर सीमेपलीकडे. जाऊन पाहता येत नाही. एकाकडे दस्तऐवज आहेत, दुसऱ्याचे पळापळीत राहून गेले. ज्याच्याकडे कागद नाही तो खोटा, असा सोपा नियम केला तर खरा माणूस बुडतो. ज्याने लिहिले ते खरे, असे मानले तर दुसऱ्याच्या वाट्याचे कोणीतरी घेऊन जातो. म्हणून तिथे माणूस लागला: ऐकणारा, विचारणारा, कारण लिहून निर्णय देणारा. रकाना नीट भरला आहे का हे यंत्राला कळते. भरलेले खरे आहे का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याची दाद लागायला सहा-अ सारखी एक वही लागतेच.

आपल्या सातबाऱ्यानेही हे दाखवून दिले. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवले गेले, तेव्हा रकाने सगळे नियमात होते, तरी नावात, क्षेत्रात, हिश्श्यात चुका राहिल्या. त्या शोधायला शेवटी जुनाच उपाय करावा लागला: चावडी वाचन. गावकऱ्यांसमोर सातबारा मोठ्याने वाचायचा आणि ज्याचा त्याने ऐकून चूक सांगायची. लेखनातल्या अशा चुका दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेत कलम १५५ आधीपासून होतेच. नियम करणाऱ्यांनी तेव्हाच ओळखले होते की लिहिणारा माणूस चुकणार. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि नमुना बारासाठीची पिकाची माहिती शेतकरी स्वतः आपल्या मोबाइलवरून भरू लागला. दप्तरातला नमुना असा शेताच्या बांधावर गेला. आता तिथे उभ्या माणसाला पडद्यावर काय वाक्य दिसते, याला पूर्वीपेक्षा जास्त मोल आहे.

तो मुलगा दुसऱ्या वर्षी माझ्याकडे पुन्हा आला नाही. मीच वसाहतीत त्यांच्या घरी गेलो. वडिलांनी कपाटातून रेशन कार्ड काढून दाखवले. त्यावरही तेच एक अक्षर. 'साहेब, आमच्याकडे नाव एवढंच असतं,' ते म्हणाले. मी त्यांच्यासमोर बसून आडनावाच्या रकान्याचे दोन्ही नियम काढून टाकले. आडनाव रिकामे ठेवले तरी आता चालते. त्याची ती शिष्यवृत्ती मात्र मला परत आणता आली नाही.

त्या दिवशी वहीत मी स्वतःसाठी एक नमुना लिहून ठेवला. कोणताही नवा नियम लिहिण्याआधी तीन प्रश्न. हा नियम कोणाला बाहेर ठेवील? बाहेर ठेवताना त्याला कारण सांगेल का? आणि त्याची हरकत ऐकायला कोणी आहे का? तिसऱ्या प्रश्नासाठी आता प्रत्येक अर्जाखाली एक ओळ असते: 'आपली माहिती बरोबर असूनही अर्ज स्वीकारला जात नसेल, तर इथे कळवा.' महिन्याला दोन-चार निरोप येतात. त्यातल्या बहुतेकांत चूक माझ्या नियमाची निघते.

गेल्या खेपेचा निरोप चिखलोलीहून होता. पत्त्याच्या रकान्यात मी जवळचे रेल्वे स्थानक निवडायला लावले होते आणि यादीत अंबरनाथ होते, बदलापूर होते, चिखलोली नव्हते. दोन्हींच्या मध्ये चिखलोली स्थानक होणार आहे, हे मला ठाऊक असूनही मी गाव विसरलो होतो. ते नाव यादीत घालायला मला एक मिनिट लागले. यादी एकाच ठिकाणी होती.